रिचेलची आई

१

मुलांची जेवणं आटोपली की संपदाच्या घरात सतरंज्या पडत. आतल्या खोलीत ओळीनं उशा लावायच्या, खिडकीचा पडदा ओढायचा, ज्याला थोपटून हवं त्याला थोपटायचं, ज्याला पाठ खाजवून हवी त्याची पाठ खाजवायची. थोड्याच वेळात घर इतकं गप्प होई, की फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची.

वसईत अंबाडी रोडला, तळमजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये संपदा बरीच वर्षं पाळणाघर चालवत होती. आईबाप सकाळी मुंबईला नोकरीवर जाताना मुलं सोडत आणि दिवेलागणीनंतर न्यायला येत. तिचा नवरा जितेंद्रही त्यांच्यासारखाच रोज जाई, अंधेरीला एका कंपनीत होता. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. कुणी विचारलंच तर संपदा हसून म्हणे, "आहेत की एवढी." ते खोटंही नव्हतं. मुलांचं ती मनापासून करायची. कोणाला वरणात गूळ लागतो, कोण झोपेत दचकतं, सगळं तिला ठाऊक असे.

घर साधंच होतं. हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराला लागून बिल्डरनं काढलेली बिनखिडकीची कोठी. तिच्यात तांदळाचा पिंप, मोडके पाळणे, गणपतीचं मखर. मुलं आत शिरून पिंपावर चढू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी लावलेली असे.

मग वसईतल्याच पापडी भागातल्या हेलन टीचर शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी आपल्या बैठ्या घरात पाळणाघर काढलं. पुढे पडवी, अंगणात चिकूची झाडं, झाडाला झोपाळा. सहा महिन्यांत संपदाच्या सतरंज्या निम्म्या रिकाम्या झाल्या. चार वर्षांच्या आयुषची आई, अश्लेषा, त्याला काढून न्यायला आली तेव्हा फार अवघडली होती.

"ताई, तुमच्याबद्दल काहीच तक्रार नाही हो. पण तिथे अंगण आहे. आणि टीचर मुलांशी इंग्लिशमधून बोलतात."

तक्रार नाही, हेच संपदाला लागलं. तक्रार असती तर ती दूर करता आली असती. अंगण ती कुठून आणणार होती?

२

त्याच सुमारास वसईतल्या जोएल नावाच्या तरुणानं 'वसईचा कट्टा' ही वेबसाइट सुरू केली होती. डॉक्टर, क्लासवाले, केक करणाऱ्या बायका, पाळणाघरं, कोण कसं आहे ते लोकांनी तिथं लिहायचं आणि एकपासून पाचपर्यंत तारे द्यायचे. खरं नाव सांगायची सक्ती नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तरी चाले. ज्याचं लिहिणं लोकांना उपयोगी वाटे, त्याच्या नावापुढे काही दिवसांनी 'विश्वासू' असा हिरवा शिक्का येई. नव्या इमारतींत राहायला आलेली माणसं, ज्यांची इथं कोणाशी ओळख नव्हती, ती हा शिक्का पाहूनच ठरवत.

जितेंद्रनं घरी कॉम्प्युटर घेतला होता. तो हॉलच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली असे. दुपारी मुलं झोपली की संपदा रुमाल काढून बसू लागली. तिनं स्वतःसाठी एक नाव घेतलं: रिचेलची आई.

घाई तिनं केली नाही. आधी बाजारातल्या एका बेकरीच्या पावाबद्दल लिहिलं. मग दातांच्या एका डॉक्टरांबद्दल, मग ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंबद्दल. सगळं खरं, सगळं मोजकं. मध्येच सहज एखादं वाक्य, की रिचेल सोबत होती, रिचेलला तिथलं बिस्कीट आवडलं. लोक प्रश्न विचारत, ती उत्तरं देई. हिरवा शिक्का आला त्या दुपारी तिला खरोखरचा आनंद झाला.

आणि मग तिनं हेलन टीचरबद्दल लिहिलं. एक तारा दिला. 'माझी रिचेल दुपारी झोपत नाही. म्हणून टीचरनी तिला सामानाच्या खोलीत कोंडलं. बाहेरून कडी लावली. ती आत भिंतीकडे तोंड करून उभी होती. ओरडली नाही, कारण ओरडलीस तर आणखी ठेवीन असं सांगितलं होतं. आता ती घरीही दार लोटलं की विचारते, मी काय केलं?'

लिहिताना संपदाला ती मुलगी लख्ख दिसत होती. पिवळा फ्रॉक, कपाळावर चिकटलेले घामट केस, फ्रॉकची कॉलर तोंडात धरून चोखायची सवय. लिहून झालं तेव्हा संपदाच्या डोळ्यांत पाणी होतं. आपणच बनवलेल्या पोरीची तिला दया आली होती. त्या दयेची लाज तिला फार पुढे वाटली.

३

जितेंद्रनंच ते ऑफिसात वाचलं आणि घरी येऊन सांगितलं. "बघ, काय माणसं असतात. तुझ्याकडे असलं कधी होणार नाही." तो अभिमानानं बोलत होता. संपदा मान खाली घालून जेवत राहिली.

पापडीचं पाळणाघर महिन्याभरात ओस पडलं. मुलं एकेक करून परत आली. आयुषही आला. अश्लेषा म्हणाली, "चुकलंच आमचं, ताई."

मग एका संध्याकाळी हेलन टीचर स्वतः रिक्षानं आल्या. पांढरे झालेले केस, इस्त्रीची सुती साडी, हातात खेळण्यांची मोठी पिशवी.

"मुलं आता तुझ्याकडेच येणार," त्या म्हणाल्या. "ठोकळे आहेत, चित्रांची पुस्तकं आहेत. माझ्याकडे पडून काय करायचंय."

संपदानं चहा टाकला. टीचर सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, शाळेत मोठ्या सरांपुढे बसावं तशा.

"एक विचारू, संपदा? तू इथल्या सगळ्या आयांना ओळखतेस. ही रिचेल कोणाची?"

"मला नाही माहीत, टीचर."

"मी एकेक मूल आठवून पाहिलं. चर्चमध्ये चार घरी विचारलं. रिचेल नावाचं कोणीच माझ्याकडे नव्हतं. पण बाईनं भीतीपोटी नाव बदललं असेल. मूल तर खरं असणार ना?"

"लोक काहीही लिहितात."

"नाही गं." टीचर हळूच म्हणाल्या. "कोणती आई आपल्या लेकराबद्दल असलं खोटं लिहील? आणि तिच्या नावापुढे विश्वासू लिहिलंय. मी विचार करते, म्हातारपण आहे, माझ्या हातून कधी दार लोटलं गेलं असेल, आणि मीच विसरले असेन."

सांगायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. तिनं विचारलं, "साखर किती घालू?"

४

त्या उन्हाळ्यात दुपारी वीज जायची. वीज गेली की पंखा थांबे, फ्रिजची घरघर बंद पडे आणि एरवी न ऐकू येणारे आवाज ऐकू येऊ लागत. मुलांचे श्वास. रस्त्यावरच्या एखाद्या सायकलची घंटा.

अशाच एका दुपारी कोठीची कडी वाजली.

फार नाही. आतून कोणी दारावर हलकेच रेलावं आणि कडी कोयंड्यात जराशी सरकावी, एवढाच आवाज. संपदा वाटाणे सोलत होती. उंदीर असेल म्हणून तिनं झाडू घेतला आणि दार उघडलं. पिंप होता, मखर होतं, पाळणे होते. उंदीर नव्हता. मात्र आतल्या कोंदट हवेत पावडरचा आणि घामट केसांचा वास होता. मुलं उन्हातून खेळून आली की जसा येतो तसा. पाळणाघरात दुसरा कसला वास येणार, असं मनाशी म्हणून तिनं कडी लावली.

मुलं उठल्यावर तिनं बिस्किटं वाटली. आयुष आपलं बिस्कीट हातात धरून बसून राहिला.

"खात का नाहीस रे?"

"रिचेलला नाही दिलंस."

संपदाचा हात डब्यातच राहिला. "कोण रिचेल?"

"ती. आत आहे ती." त्यानं कोठीकडे बोट केलं. "ती झोपत नाही ना."

घरी आईबाप बोलतात, मुलं ऐकतात. अश्लेषानं ते सगळं वाचलं होतं, शेजारणीशी त्यावर बोलणं झालं असणार. संपदानं स्वतःची अशी समजूत घातली आणि ती पटण्यासारखी होती. तरी आयुषला दूध देताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "कशी आहे रे ती?"

"पिवळा फ्रॉक आहे. ती कॉलर खाते. मग आई रागावते."

वीज आल्यावर संपदानं कॉम्प्युटर लावला आणि आपण लिहिलेलं पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द वाचला. खोली होती, कडी होती, भिंत होती. फ्रॉकचा रंग तिनं कुठेच लिहिला नव्हता. कॉलरबद्दलही काही नव्हतं. ते फक्त तिच्या मनात होतं.

५

पुढे अश्लेषा एकदा आयुषला न्यायला आली ती हसतच. "ताई, छान लिहिलंय हो तिनं तुमच्याबद्दल."

"कोणी?"

"रिचेलच्या आईनं. पाच तारे दिलेत. ती तुमच्याकडे आलीय हे बोलला नाहीत."

संपदानं सगळी मुलं जाईपर्यंत दम धरला. मग वाचलं. नाव तेच, हिरवा शिक्का तोच. 'रिचेल आता संपदाताईंकडे असते. दुपारी अजून झोपत नाही. पण ताई तिला ओळखतात. इतकं तिला कोणीच ओळखत नाही. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे.'

पासवर्ड कोणालातरी मिळाला असणार. जितेंद्र? तो असलं करणारा माणूस नव्हता, आणि त्याला विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. संपदानं पासवर्ड बदलायला घेतला. तिचा पासवर्ड आता चालेना. तिनं मन घट्ट केलं, साइटवर दिलेला नंबर फिरवला आणि जोएलला सांगितलं की रिचेलची आई म्हणून कोणीतरी खोटं लिहितंय, ते नाव काढून टाका.

"खोटं?" जोएलला नवल वाटलं. "काकू, तिनं तर तुमचं कौतुक केलंय."

"अशी कोणी बाईच नाहीये."

"अहो, असं कसं? मागच्या रविवारी आम्ही सगळे मेंबर भेटलो होतो ना, हॉलवर. आली होती ती. जास्त बोलत नाही, मागे बसून होती. मुलगी होती बरोबर."

"कशी दिसते ती?"

"आता चेहरा नीट आठवत नाही. तुमच्यासारखीच, साधी. मला वाटलं तुमची बहीणबिहीण असेल." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचं काही भांडण झालं असेल तर आपसात मिटवा, काकू. ती आमच्याकडची सगळ्यात विश्वासू मेंबर आहे. तिला मी कसं काढू?"

नवे आईबाप येऊ लागले, ते सगळे तिचं वाचून आलेले. एक आई म्हणाली की काल बाहेरून जाताना तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका छोटीनं टाटा केला, रिचेल हीच का? संपदानं होकारार्थी मान हलवली. मान हलवणं सोपं होतं. घर मुलांनी भरून गेलं होतं, आणि बिस्किटं वाटताना तिनं एक बिस्कीट ताटलीत उरवायला सुरुवात केली होती. ते ती ओट्यावर ठेवी. मुलांकडे एकदा बघून परत येई तोवर ताटली रिकामी असे. आयुषच उचलत असेल, असं ती म्हणे. आयुषवर नजर ठेवायला मात्र तिला धीर झाला नाही.

६

एका रविवारी सकाळी ती पापडीला गेली. जितेंद्रला बाजारात जाते म्हणाली.

हेलन टीचर नुकत्याच चर्चमधल्या मिसाहून परतल्या होत्या. अंगणात चिकू गळून पडले होते, कोणी वेचले नव्हते. झोपाळ्याची फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. घरातल्या सगळ्या दारांना लाकडी पाचरी मारून ती उघडी ठेवली होती. सामानाच्या खोलीचं तर दारच नव्हतं. नुसत्या रिकाम्या बिजागऱ्या होत्या.

"सुताराला बोलावून काढून घेतलं," टीचर म्हणाल्या. त्या बारीक झाल्या होत्या, पण चेहरा शांत होता. इतका शांत चेहरा पाहायला संपदा तयार नव्हती.

"टीचर, मी एक सांगायला आलेय. मध्ये बोलू नका, नाहीतर मला सांगता येणार नाही." संपदा उभीच राहिली. "रिचेल नाही. तशी मुलगीच नाही. ते मी लिहिलं होतं. मुलं तुमच्याकडे जात होती म्हणून मी लिहिलं."

टीचरनी जवळ येऊन तिचा हात आपल्या हातात घेतला.

"तू चांगली मुलगी आहेस, संपदा. मला बरं वाटावं म्हणून एवढं अंगावर घेतेस."

"खरं सांगतेय मी."

"रिचेलची आई येऊन गेली इथं."

संपदानं मागे वळून पडवीकडे पाहिलं.

"पोरीला घेऊन आली होती. तिथं पडवीत उभी राहिली, आत काही आली नाही. मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही, पण मुलीनं माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं आठवलं." टीचरचा आवाज स्थिर होता. "उन्हाळ्याची दुपार होती. बाकीची झोपली होती. ही कॉलर तोंडात घालून बसली होती. माझं डोकं दुखत होतं. मी तिचा दंड धरला. कडीचा गारवासुद्धा आठवतो बोटांना."

"टीचर, नाही. तसं झालं नाही. कॉलर मी... ते माझ्या डोक्यातलं आहे."

"मी चाळीस वर्षं मुलांना सांभाळलं, आणि एका मुलाला कोंडलं. फादरकडे कन्फेशन करून आले मी. तू आता मला ते खोटं होतं म्हणून सांगू नकोस. मोठ्या कष्टानं मी खरं बोलायला शिकलेय."

संपदानं पुन्हा सांगितलं. बेकरी, डॉक्टर, ब्लाउज, हिरवा शिक्का, सगळं पहिल्यापासून सांगितलं. टीचर ऐकत होत्या, वर्गात एखादं मूल लांबलचक थाप मारतं तेव्हा ऐकतात तशा, मायेनं. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन तिच्यासाठी चिकू घेऊन आल्या.

रिक्षात चिकूची पिशवी मांडीवर धरून संपदा बसली होती. रिक्षावाला आरशातून बघत होता म्हणून तिला रडताही येईना.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं झोपली आणि वीज गेली. संपदा स्वयंपाकघरात येऊन कोठीसमोर उभी राहिली. हॉलचं मुख्य दार हवेसाठी उघडं होतं, बाहेरचं जाळीचं दार तेवढं लावलेलं होतं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"रिचेल," तिनं हाक मारली. असं नाव घेऊन तिनं कधीच हाक मारली नव्हती.

आत काहीतरी हललं. पिंपाला काहीतरी घासलं गेलं.

तिनं कडी काढली. दार थोडंसं उघडलं आणि तिथंच थांबलं. आत अंधार होता. डोळे सरावायला वेळ लागला. मग पिंप आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तिला फ्रॉकची कड दिसली, मळकट पिवळी. खाली एक टाच, धुळीनं काळी झालेली. मूल भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मान दिसत नव्हती, हात दिसत नव्हते. इतकंच दिसत होतं.

"आता येऊ?"

आवाज कुठल्याही मुलाचा असतो तसाच होता. बारीक, जरा घोगरा, बराच वेळ न बोललेला.

संपदाला भीती वाटेल असं वाटलं होतं. ती वाटली नाही. वाटली ती लाज, पायापासून वर चढत आलेली. मूल विचारत होतं. त्याला बाहेर यायला तिची परवानगी लागत होती, इतके दिवस लागत होती, आणि ती बाहेर बसून वाटाणे सोलत होती. 'ये' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो तिच्या ओठांवर आला होता. तिनं दार आणखी उघडायला हात पुढे केला.

"कोणी आहे का घरात?"

जाळीच्या दाराशी एक तरुण बाई उभी होती. कडेवर लहान मुलगा, शेजारी नवरा. जाळीला कपाळ लावून ती आत पाहत होती. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसत असे.

"पाळणाघर बघायला आलो होतो. बेल वाजली नाही. लाइट नाहीत वाटतं."

संपदानं पाहिलं तेव्हा कोठीचं दार बंद होतं आणि तिचा हात कडीवर होता. कडी लागलेली होती. तिचा गारवा बोटांना लागत होता.

"या ना," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत हॉलमध्ये आली.

बाईला घर आवडलं. ओळीनं झोपलेली मुलं पाहून तिचा चेहरा निवला. "रिचेलच्या आईनं लिहिलंय ते वाचूनच आलो आम्ही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "इथं आमचं कोणी ओळखीचं नाही. पण तिचं वाचलं आणि म्हटलं, इथं ठेवायला हरकत नाही. ती पण असते ना इथंच, रिचेल? कुठे आहे?"

"झोपलीय," संपदा म्हणाली.

कोठीतून काहीच आवाज आला नाही. ओरडायचं नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं होतं.